मागपर्यंत ऐकू जाऊ द्या

बस तुम्ही पौषातच सांगून ठेवली होती, म्हणून ती आली. ठरल्या रविवारी, उजाडता उजाडता, आपल्या चौकात उभी राहून तिनं हॉर्न दिला. त्या ड्रायव्हरला तुम्ही गेल्याचं कोणी कळवलं नव्हतं. तो खाली उतरून विचारत होता, "इंगळे साब कहाँ हैं? हर साल तो सबसे पहले खड़े मिलते हैं." मी फाटकाशी पन्ह्याचा डबा घेऊन उभी होते.  तुमच्या मंडळातल्या सेनदादांनी त्याला बाजूला नेलं. परत आला तेव्हा त्यानं माझ्या हातातला डबा घेतला आणि शेवटच्या सीटखाली नेऊन ठेवला, जिथं दरवर्षी तुम्ही ठेवायचे.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं लिहिणं, तुम्ही चुका काढाल. पण बोलण्यापेक्षा हे मला बरं वाटतं. समोरून कोणी तोंडाकडे पाहत नाही. आणि तुमच्याशी तरी मी किती बोलले होते? घरात आपण दोघंही मुके. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की स्कूटर स्टँडवर लावता लावता तुम्ही विचारायचे, "पाणी टाकलं का वं झाडाईले?" मी म्हणायची, "टाकलं." झालं आपलं बोलणं. बाकी सगळं भांडी बोलायची.

बाहेर मात्र तुम्ही वेगळे होते. फळझाडांच्या मंडळात तुमच्यावाचून पान हलायचं नाही. मंडळ तरी कसलं, कंपनीच्या क्वार्टरच्या मागच्या तुकड्यात लिंबू, चिकू, पपई, आंबे लावणारी हौशी माणसं. कोणी मिलमधले, कोणी ऑफिसातले, बंगाली, तेलुगू, यूपीवाले, आपले वर्धा-नागपूरचे. कोणाकडे कलम बांधायचं असलं की बोलावणं तुम्हाला. तुम्ही चाकू फडक्यात गुंडाळून डिक्कीत टाकायचे आणि निघायचे. परत यायचे तेव्हा बोटांना चीक लागलेला असायचा. तो चीक निघावा म्हणून मी तुमच्या हातावर तेल घालायची. तेवढा वेळ तुमचे हात माझ्या हातात असायचे.

उन्हाळ्याची सहल हे तर तुमचं लेकरूच होतं. आठवडाभर आधीपासून तुम्ही प्रत्येकाच्या मागच्या दारी जाऊन यायचे. फळाचं देठ हुंगायचे, अंगठ्यानं हळूच दाबून पाहायचे. रात्री जेवताना ताटातल्या चटणी-लिंबाकडे बोट करत मला क्रम सांगायचे. मला म्हणजे, माझ्याकडे तोंड करून स्वतःलाच.

"आंबट आधी, गोड शेवटी. पहिल्याच घरी आंबा खाल्ला तर मंग लिंबाच्या झाडापाशी कोन उभं राह्यते? जिभेनं चढत गेलं पाह्यजे."

या क्रमाचा तुम्हाला फार अभिमान होता. कोणाच्या घरी बस कधी थांबेल ते मानपानावर नव्हतं, पिकण्यावर होतं. साहेब असो की क्लार्क, लिंबूवाला आधी, आंब्यावाला शेवटी. आणि बाकीचे नियम. कोणी आपल्या हातानं फळ तोडायचं नाही. घरवाल्यानं एकच तोडायचं आणि पातळ चिरून सगळ्यांना जीभ लावायला द्यायचं. आंब्याच्या कोया तुमच्या झोळीत टाकायच्या. त्या कोया तुम्ही आपल्या नळाजवळ ओळीनं पुरायचे, रोपं यायची, त्यांना पाणी मी घालायची, आणि कलमं बांधायला ती कोणाकोणाकडे जायची ते मला कधी कळायचं नाही. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी, तिच्यावर जातीचं नाव. आणि सगळ्यात मोठा नियम, झाडाची ओळख घरच्या बाईनं करून द्यायची. साहेबानं नाही.

"कलम बांधतो मी, गड्डा खोदते साहेब, अन रोज पाणी कोन टाकते?" तुम्ही म्हणायचे. "तिले बोलू द्या."

मग ती बाई पदर सावरत झाडाजवळ उभी राहायची. तुम्ही गर्दीच्या अगदी मागं जाऊन उभे राहायचे. तिचा आवाज बसला की मागून तुमची हाक यायची, "भाभीजी, पीछे तक!" आपल्याकडची असली तर मराठीतून, "वहिनी, मागपर्यंत ऐकू जाऊ द्या!" सगळे हसायचे आणि त्या हसण्यात तिची भीड मोडायची. राववहिनी पहिल्या वर्षी रडकुंडीला आल्या होत्या. आता त्यांना थांबवावं लागतं.

मी हे सगळं पन्ह्याच्या डब्यापाशी बसून पाहायची. पेले धुवायची, भरायची, द्यायची. दरवर्षी. आणि दरवर्षी बस सगळ्यांच्या घरी जायची, आपल्या घरी थांबायची नाही.

एकदा मी विचारलं होतं. आठवतं? तुम्ही दाढी करत होते.

"अजी, आपल्या घरी कावून नाही आणत सहल?"

तुम्ही आरशातूनच म्हणाले, "सहल नेणाऱ्यानं आपलंच घर मिरवायचं नसते."

मी आत गेले. पण तुमच्याआधी सहल सेनदादा न्यायचे तेव्हा बस त्यांच्या पपईपाशी थांबायचीच. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट बसली. बस आपल्या घरी आली तर झाडाजवळ मला उभं करावं लागेल. मी उभी राहीन, तोंडातून "मले", "तुले" निघेल, हिंदी धड येणार नाही. त्यापेक्षा नकोच.

आणि वरून ते झाड.

ते झाड माझं. बाबांच्या शेताच्या बांधावरच्या आंब्याची कोय मी लुगड्याच्या ओच्यात बांधून हिंगणघाटहून इथं आणली आणि मोरीचं पाणी जातं तिथं पुरली. तुम्हाला ते तेव्हाच पटलं नव्हतं. "कोयीचं झाड म्हणजे लॉटरी. मायसारखं निघीन असं काही नाही." मग बाबा गेले, भावांनी वाटण्या केल्या, बांध सरकला आणि बाबांचं झाड आडवं झालं. लाकडाचं काय केलं ते मी विचारलंही नाही. माझ्याकडे उरलं ते मोरीपाशी वाढलेलं हे एक.

त्याच्यानंतरच्या फाल्गुनात तुम्ही आरी घेऊन मागच्या दारी आले. मी बादली घेऊन तिथंच होते.

"अवं, वरूनच कापतो फक्त. बुंध्याले लंगडा आंब्याचे डोळे लावून देतो. तिसऱ्या वर्षी असे आंबे खाशीन का बस."

"मंग आंबा कोणाचा लागन?"

"लंगड्याचा."

"मंग माह्या बाबाचं काय राह्यलं?"

"मुळं राह्यले ना! मुळं त्याईचेच."

"मुळं कोन चोखते?"

तुम्हाला हसू आलं होतं, ते मी पाहिलं. पण तुम्ही ते गिळलं आणि चिडून म्हणाले, "क्वार्टर सोडाची वेळ येईन तवा फळ धरन ते झाड. दुसरेच लोकं खातीन. तुले समजत नाही."  मी झाड आणि तुम्ही यांच्या मधून हलले नाही. बादलीतलं पाणी माझ्या पायावर सांडत राहिलं. शेवटी तुम्ही आरी शेडमध्ये टांगली आणि म्हणाले, "ठीक आहे. तुह्यं झाड, तू पाह्य."

हे भांडण आपण पुढं नेलं नाही आणि मिटवलंही नाही. ते आरीसारखं शेडमध्ये टांगलेलंच राहिलं.

झाडानं मात्र माझी लाज राखली. फळ धरलं, आणि हुबेहूब बाबांच्या आंब्याचं. देठाचा चीक निघाला की शेपूच्या भाजीसारखा वास. बाबांकडे त्याला शेप्या म्हणायचे. गावात आंब्यांना अशीच नावं असायची, एक गोटी, एक साखऱ्या, एक शेंदऱ्या. पहिला पिकलेला शेप्या मी धुऊन तुमच्या हातात दिला. तुम्ही चोखला आणि म्हणाले, "रेषा लय आहेत." बस, एवढंच. मी भांड्यांकडे वळले. पण तुम्ही ती कोय अगदी पांढरी होईपर्यंत चोखत बसले होते. तेव्हा मला फक्त तुमचं बोलणं ऐकू आलं. ती कोय आता आठवते.

त्याच उन्हाळ्याच्या सहलीत मंडळातले तिवारीजी सगळ्यांसमोर म्हणाले, "इंगळे साहब सबके पेड़ सुधारते फिरते हैं, और अपने घर में जंगली पाल रखा है!" लोक हसले. तुम्हीही हसले. माझ्या हातात पन्ह्याचा पेला होता, तो मी तिवारीजींनाच दिला. त्या एका शब्दात झाड होतं की मीही होते, ते मी कित्येक रात्री ठरवत बसले.

मग पाऊस लागला. सेनदादा रिटायर होऊन नेहरू नगरच्या स्वतःच्या घरी राहायला गेले, त्याच सुमाराची गोष्ट. एका सकाळी पाहते तर तुम्ही माझ्या झाडाखाली चाकू घेऊन उभे.

"काय तोडून राहिले?"

"काही नाही. वाळकं होतं."

वाळकं नव्हतं. तुमच्या हातातल्या काड्या हिरव्या होत्या. तुम्ही त्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, पिशवीत ठेवल्या आणि स्कूटरला किक मारून गेले. मला वाटलं, आरीनं जमलं नाही, आता चाकूनं थोडं थोडं. त्या संध्याकाळी तुम्ही विचारलं, "पाणी टाकलं का?" आणि मी उत्तर दिलं नाही. तुम्ही मग स्वतःच बादली उचलली.

मधे काही वर्षं गेली. गेल्या माघातल्या त्या संध्याकाळी तुम्ही स्कूटर लावली आणि काहीच विचारलं नाही. आत जाऊन बूट न काढता पलंगावर पडले. मी स्वयंपाकघरात "टाकलं" म्हणायला तयार होऊन उभी होते. अजूनही दिवस कलला की मी तशीच उभी असते. पुढचं मला लिहिता येणार नाही.

आता क्वार्टर सोडायचं आहे. मुदत मिळाली आहे, पाऊस लागेपर्यंत. सुधीर नागपूरला नेतो म्हणतो. त्याची जागा दुसऱ्या मजल्यावर. "आई, गॅलरीत दोन-चार कुंड्या ठेवू," असं म्हणाला. पोरगा चांगला आहे, त्याचं मन मोडवत नाही. पण या वर्षी झाड असं लदलं आहे की फांद्या मोरीच्या भिंतीवर टेकल्या आहेत. शेवटी तुमचंच खरं झालं. क्वार्टर सोडायची वेळ आली आणि दुसरेच लोक खाणार. ते येतील, म्हणतील, जंगली आहे, रेषा फार आहेत, आणि कोणाला तरी बोलावून वरून कापून घेतील. त्यांना कोण सांगणार हे काय आहे ते? मी तर इथं एवढी वर्षं राहून कोणाला सांगितलं नाही.

सेनबाई आल्या तेव्हा मी झाडाखालीच बसले होते. बसल्या माझ्याशेजारी, जमिनीवरच. "दीदी, बस तो इंगळे दादा बोल के गये हैं. सहल जाएगी. पन्हा कौन बनायेगा?"

मी नाही म्हणून मान हलवली. वर्ष व्हायचं आहे, लोक काय म्हणतील.

"लोग प्यासे मरेंगे, और क्या," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दादा का ऑर्डर है, इस बार सबसे आखिर में हमारे यहाँ. पौष में ही सेनबाबू को बोल दिया था."

ते ऐकून मी चकित झाले. सेनदादांकडे शेवटी? त्यांच्याकडे लिंबू आणि पपई. त्यांचं घर तुम्ही कायम सुरुवातीला घेत आले. तुम्ही बाकी कशात चुकले असाल, क्रमात चुकणारे नव्हते. मी काय आहे म्हणून विचारलं, तर सेनबाई पदराआड हसल्या आणि लगेच रडल्या, आणि काही सांगितलं नाही. म्हणून मी कैऱ्या उकडल्या. लोकांना पन्हं पाजायला म्हणून नाही, तुम्ही शेवटी काय ठेवलं ते पाहायला गेले मी.

सहल झाली. पण कशी झाली सांगू? प्रत्येक घरी बाई झाडाजवळ उभी राहायची, बोलायला लागायची, आवाज खाली जायचा, आणि मागून काही यायचं नाही. राववहिनी आपल्या चिकूजवळ मधेच थांबल्या आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून मागं पाहायला लागल्या. मग सगळ्यांनीच वळून पाहिलं. मागं रिकामी गल्ली होती. राववहिनींनी डोळे पुसले आणि ओळख तशीच अर्धी टाकली. कोयांची झोळी आणायची कोणाला आठवण नव्हती. आंब्यावाले कोया हातात धरून उभे राहिले, मग मी पेल्यांची पिशवी रिकामी करून पुढं केली.

आंबे खाऊन झाल्यावर बस नेहरू नगरकडे वळली, तेव्हा तिवारीजी बोललेच. "सेन के यहाँ अब नींबू चूसने जाएँगे? इंगळे साहब से पहली बार गलती हुई." टोमणा नव्हता तो, वाईट वाटून बोलले. तरी मला ते लागलं. माझ्या तोंडाशी आलं, चुकी नाही व्हायची त्यांची. तोंडाशीच राहिलं.

सेनदादांच्या घरामागं भिंतीला लागून हायवे आहे, ट्रक गेला की पानं हलतात. पपईच्या पलीकडे एक लहान झाड होतं, माझ्या खांद्याएवढं. त्याला मोजके आंबे लागलेले, फांदी मोडू नये म्हणून खाली काठीचा टेकू. बुंध्यावर वीतभर उंचीला कलमाची गाठ. तुमची गाठ मी ओळखते, तुम्ही पट्टी नेहमी डावीकडून गुंडाळायचे, तिचा वळ तसाच राहतो. फांदीला पाटी लटकत होती. पाटीवर काही नव्हतं. कोरा पत्रा.

सेनदादांनी एक आंबा देठासकट तोडला. चीक उडाला, आणि वास आला.

मी फांदीच धरली. 

तिवारीजी जवळ येऊन पाहायला लागले. "ये तो देसी है, सेनबाबू. देसी का कलम कौन बाँधता है?"

"इंगळे बाँधता है," सेनदादा म्हणाले. "हम भी यही पूछा था. बोला, दादा, क्वार्टर कंपनी का है, पेड़ घरवाली का है. क्वार्टर छूटेगा, आपका घर नहीं छूटेगा. थोड़ा जगह दे दो." मग माझ्याकडे वळून, बंगालीत वहिनीला मारतात ती हाक मारून म्हणाले, "बौदी, हमको कसम दिया था. फल आने तक नहीं बोलना. पहले दो कलम मर गया. ये तीसरा है. हर छुट्टी को आके बैठता था इसके पास."

त्या हिरव्या काड्या. तुम्ही माझं झाड कापून राहिले असं मला वाटत होतं, आणि तुम्ही ते इथं आणून लावत होते. जे तुम्ही जन्मभर लोकांना सांगत आले, कोयीचं झाड बदलतं, कलमाचं झाड तेच राहतं, ते माझ्या बाबांच्या झाडासाठी केलं. आणि जे रोप खाली मुळाशी होतं तेही आपल्याच नळाजवळचं. त्याला मी पाणी घातलं होतं, काय करते ते माहीत नसताना.

मग मला तुमचा राग आला. तिथंच, सगळ्यांसमोर. अजून गेला नाही. एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला? सेनदादांना सांगितलं, ड्रायव्हरशी तासभर बोलायचे, राववहिनींची भीड मोडली. मी काय दूर होते? एका भिंतीच्या आत होतो आपण. तुम्ही म्हणायचं, "तुह्यं झाड नेऊन लावलं वं," मी म्हटलं असतं, "बरं केलं." तुमच्या ओल्या फडक्यावर मी रागावले नसते, त्या संध्याकाळी गप्प राहिले नसते. फळ येईपर्यंत थांबायचं होतं तुम्हाला. हातात देऊन दाखवायचं होतं. तुमचा स्वभावच तो, कच्चं काही कोणाला दाखवायचं नाही. पण माणसाचा काय भरवसा असतो हो? झाड पिकेपर्यंत थांबायला तुम्ही काय झाड होते?

आणि तरी एक गोष्ट राहतेच. तुम्हाला माझी लाज वाटत होती की नाही? झाडाची नव्हती, ते दिसलं. माझी? बस आपल्या घरी का आणली नाही, त्याचं उत्तर या कलमात नाही. मी शोधलं, सापडलं नाही. कदाचित मला उभं राहावं लागू नये म्हणून आणत नसाल. कदाचित दुसरं काही असेल. ते मी तुमच्यापाशीच ठेवते.

नियमाप्रमाणे आता घरच्या बाईनं ओळख करून द्यायची. सगळे सेनबाईंकडे पाहायला लागले. त्या झाडाजवळ गेल्या नाहीत. मला दंडाला धरून त्यांनी पुढं केलं.

"घर मेरा है, पेड़ इनका है," त्या म्हणाल्या. "पाटी खाली क्यों है, मालूम? मैंने बोला था, दादा, नाम लिख दो. बोले, नहीं, नाम वो बतायेगी. जिस साल फल आएगा, टूर में, सबके सामने, वो बतायेगी."

तुम्ही असं म्हणाले होते? सेनबाई खोटं बोलत नाहीत. मग तुम्ही हे ठरवून ठेवलं होतं, या रविवारी, गर्दीच्या मागं उभं राहून, माझं तोंड पाहायचं. पौषात बस सांगितली तेव्हाही तुमच्या मनात हेच होतं. मोहोर पाहून तुम्ही दिवस काढला होता माझ्यासाठी, आणि रोज संध्याकाळी फक्त पाण्याचं विचारत होते.

सगळे थांबले होते. मी पदर डोक्यावरून सारखा केला.  राववहिनी समोर होत्या, त्या डोळ्यांनीच म्हणत होत्या, बोला. मी पाटीला हात लावला. पत्रा उन्हानं तापला होता.

"शेप्या," मी म्हणाले.

ट्रक गेला. कोणालाच ऐकू आलं नाही. तिवारीजींनी कानाला हात लावला, "क्या बोलीं?"

मी थांबले. खरंच थांबले, दर वेळी त्या बाया थांबायच्या तशी. सगळ्यांच्या डोक्यांवरून मागं पाहत राहिले, पपईपाशी, दाराजवळ, जिथं तुम्ही उभे असते. आता म्हणाल, आता म्हणाल. ट्रकची धूळ बसली. कोणी काही म्हटलं नाही.

मग मीच पुन्हा म्हणाले, मागपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं.

"याचं नाव शेप्या. माह्या बाबाच्या बांधावरचा आहे. कलम आमच्या याईनं बांधलं."